पोत्यावर छापलेले 20 टक्के

गेल्या आठवड्यात एक ताई आमच्या लॅबमध्ये आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर गोळी पेंड. म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस झाले, गाई याला तोंड लावत नाहीत. जरा बघा ना." पिशवी उघडली आणि कुबट वास आला. एक गोळी नखाने फोडली तर आत हिरवट बुरशी. पोतं कुठलं म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. ठळक अक्षरांत छापलं होतं: प्रथिने 20 टक्के.

पशुखाद्य तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली, म्हणून आज लिहितेय.

विकसनशील देशांत पशुखाद्याचे कारखाने झपाट्याने वाढताहेत आणि मला त्याचा आनंद आहे, हे आधीच सांगते. मोकळ्यावर टिपून खाणारी देशी कोंबडी वर्षाला जेमतेम 40 ते 60 अंडी देते. सुधारित जातीच्या कोंबडीला संतुलित खाद्य मिळालं की ती 300 च्या पुढे जाते. लहान शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो यातूनच. पण कोंबडीपालनात एकूण खर्चाचा 60 ते 70 टक्के वाटा खाद्याचाच असतो. म्हणजे माणूस ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त पैसा ओततो, तिच्यात नेमकं काय आहे हे त्याला कळायला मार्गच नाही.

तो प्रथिनांचा आकडाच घ्या. नेहमीच्या तपासणीत आम्ही प्रथिनं थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजतो आणि 6.25 ने गुणतो. नायट्रोजन युरियातही असतो, त्यामुळे युरिया मिसळला की कागदावरची प्रथिनं वाढतात. रवंथ करणारं मोठं जनावर थोडा युरिया वापरू शकतं, कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. सोयापेंडीचंही तेच. कच्ची राहिली तर पचनात अडथळा आणते, जास्त भाजली तर लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक वाया जातो, आणि आकडा मात्र जवळपास तोच! खरं तर कच्ची पेंड ओळखणं अगदी सोपं आहे. युरिया आणि फिनॉल रेड या रंग बदलणाऱ्या रसायनाचं द्रावण टाकलं की थोड्या वेळात लाल ठिपके उमटतात. एवढीशी चाचणी खरेदीच्या जागी का होऊ नये?

बुरशीचं प्रकरण याहून गंभीर आहे. मी नोकरीला नवी असताना मक्याचा एक ट्रक आला. ओलावा मोजायचं यंत्र तीन ठिकाणी लावलं, तिन्हीकडे 17 च्या वर. साठवणुकीचा मका 13-14 टक्क्यांच्या आत हवा. मी माल नाकारला. वरून निरोप आला, "कोरड्या मालात मिसळून टाका, कुठे कळतंय?" मिसळला गेला. मी गप्प बसले, ते आजही सलतं.

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की कोंबड्या पटापट मेल्या. कारण सापडलं शेंगदाण्याच्या पेंडीत, बुरशीने तयार केलेलं विष. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तो तिथून. हे विष जनावरापाशी थांबत नाही. गाईने आज खाल्लं की त्याचा अंश एका दिवसात दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. खाद्य बदललं तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा साफ होतं. म्हणजे वेळेवर कळलं तर सगळं निभावतं. कळतच नाही, हेच दुखणं आहे.

म्हणून कारखान्यांना सवलती देताना सरकारांनी अटी घालाव्यात असं मला ठामपणे वाटतं. पोत्यावर ओलावा आणि अफ्लाटॉक्सिनची मर्यादा छापा. प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना ठेवा. आणि शेतकऱ्याला फुकटात तपासून देणारी लॅब त्याच्या आवाक्यात असू द्या, कारखान्याच्या आवारात नको. लहान गिरण्यांना हे परवडणार नाही, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मग चार गिरण्यांनी मिळून एक लॅब चालवावी.

गाईंनी तोंड फिरवण्याआधी त्या ताईंचं अर्धं पोतं संपलं होतं. दूध घरात नातवाने प्यायलं होतं. "चुकलं का माझं?" असं त्या दोनदा म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बिल मागितलं. बिल नव्हतं. फोटो मोठा करून पाहिला, पोत्यावर बॅच नंबरही नव्हता. नमुना मी ठेवून घेतलाय. अहवाल आला की मी स्वतः त्यांना फोन करणार आहे.