‘सोबत वनौषधी दिल्या तर बिघडतं काय?’

हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा, म्हणजेच एचएसपी, हा मुलांमध्ये लहान रक्तवाहिन्यांना, कधी किडनीलाही, सूज आणणारा आजार. त्याबद्दलचा एक मजकूर बराच फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: नेहमीच्या उपचारांना वनौषधींची जोड द्या, डाग लवकर जातात, आजार उलटत नाही, किडनी वाचते. हे अभ्यासांत सिद्ध झालंय, आणि नैसर्गिक असल्याने अपाय शून्य.

‘डाग लवकर जातात.’ जातातच. पायांवर आणि ढुंगणावर उठणारे, दाबले तरी न विरणारे ते जांभळट ठिपके, दुखणारे सांधे, पोटातली कळ हे सगळं बहुतेक मुलांत महिनाभरात आपोआप ओसरतं. पुष्कळदा उपचार म्हणजे फक्त आराम आणि वेदनाशामक. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात जे काही सुरू कराल, त्याला श्रेय मिळणारच.

‘आजार उलटत नाही.’ साधारण तिघांपैकी एका मुलात तो उलटतो, तोही बहुधा पहिल्या काही महिन्यांत आणि आधीपेक्षा सौम्य. उरलेल्या दोघांत काहीही न देता उलटत नाही. एका मुलाच्या अनुभवावरून इथे काहीच ठरत नाही.

‘अभ्यासांत सिद्ध झालंय.’ अभ्यास आहेत, मुख्यतः चीनमधले. पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांची रचना बघा: एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि वर वनौषधी. कोणाला काय मिळतंय हे पालकांनाही ठाऊक, डॉक्टरांनाही. मग डाग ‘गेले’ की ‘थोडे आहेत’ हे नजरेनं ठरवायचं. अशा मांडणीत जादा काहीतरी मिळालेला गट सहसा सरसच दिसतो. त्यात प्रत्येक ठिकाणचं मिश्रण वेगळं. अशा दहा अभ्यासांची बेरीज करून काढलेला आकडा नेमका कुठल्या औषधाचा, हे मला तरी कळलेलं नाही.

‘किडनी वाचते.’ हीच आशा एकेकाळी स्टेरॉइडकडून होती. सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं तर पुढे किडनीला सूज येणार नाही, असं अनेक डॉक्टरांना वाटे. ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर चाचणी झाली: काहींना प्रेडनिसोलोन, काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. २०१३ साली निष्कर्ष आला. वर्षानंतर लघवीतून प्रथिनं जाण्याच्या, म्हणजे किडनी दुखावल्याच्या खुणेच्या, प्रमाणात फरक नव्हता. आधुनिक औषधाचा दावा या कसोटीवर पडला आणि तो मान्य झाला. वनौषधींना वेगळा न्याय का?

‘अपाय शून्य.’ खरी चीड येते ती या वाक्याची, कारण आजाराचा रोख किडनीवर आणि अपायाचाही तिथेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच गेली. शंभरावर स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ज्येष्ठमध तर घरगुती म्हणून कोणी विचारतही नाही. पण जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास त्यानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं; सोबत स्टेरॉइड असेल तर अधिकच. चीनमध्ये याच आजारात किडनीसाठी वापरली जाणारी ट्रिप्टेरिजियम ही वेल प्रजननक्षमतेवर घाला घालते. ती लहान मुलाला देताना ‘नैसर्गिक’ या शब्दाचा आधार कसा पुरेल?

‘स्टेरॉइड सोडता येतं’ अशीही एक शेपटी काही ठिकाणी जोडलेली असते. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड मनानं एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. यावर वाद नाही.

एचएसपीत किडनीचा त्रास गुपचूप येतो. मूल खेळत असतं आणि लघवीतून रक्त किंवा प्रथिनं जात असतात. म्हणून डाग गेल्यावरही साधारण सहा महिने ठरल्या वेळी लघवी आणि रक्तदाब तपासायचा असतो. घरात काढा किंवा चूर्ण आधीच सुरू असेल, तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यातल्या घटकांची नावं कागदावर लिहून, पुडी किंवा बाटलीसकट त्यांच्यापुढे ठेवा. उद्या लघवीत प्रथिनं सापडली, तर ती आजारामुळे की चूर्णामुळे, हा पहिला प्रश्न असेल.