फणसाक रेंज गावता

आमच्या वाडीत रेंज माणसांना मिळत नाही, फणसाला मिळते. खळ्याच्या कडेच्या फणसाच्या तिसऱ्या बेचक्यात मोबाइल ठेवला की दोन दांड्या येतात. उतरवून हातात घेतला, की गेल्या. इंटरनेट हवं तर घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जायचं.

काकीची ई-केवायसी करायची होती. आधारला जोडलेला नंबर तिच्या बटणाच्या फोनमध्ये, आणि तो ती कोणाला देत नाही. "फोन माझ्यावांगडा ऱ्हवतलो. माका सडो चढूक जमाचा नाय." झालं! मी सड्यावर, काकी फणसाखाली आणि आमचा बाळू मधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. ओटीपी आला की काकीने बाळूला ओरडून सांगायचा, बाळूने मला.

पहिला अंक आला. "सात!"

"सात की आठ?"

बाळू खाली वळून, "काकी, सात की आठ?"

"व्हय!" काकी म्हणाली.

मराठीत सात आणि आठ यांचं यमक ज्याने जुळवलं, त्याला दर्यावरचा वारा माहीत नसावा. तिसऱ्या ओटीपीपर्यंत काकीचा घसा बसला. "शिरा पडो त्या ओटीपीर!" एवढं मात्र बाळूच्या मदतीशिवाय ऐकू आलं.

तसं सरकारचं आमच्यावर लक्ष आहे. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड होतं, पुढे 512 झालं, 2023 पासून 2 एमबीपीएस. व्याख्या दोनदा वाढली. सड्यावर मोबाइलमधलं लोडिंगचं चाक मात्र पूर्वीच्याच शांतपणे फिरतं. 2011 साली देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायचं ठरलं. 2015 मध्ये योजनेचं भारतनेट असं बारसंही झालं. पण ती मोजते ग्रामपंचायत, आणि कोकणात माणूस राहतो वाडीत. एका पंचायतीच्या आठ वाड्या, मध्ये दोन वहाळ, एक सडा आणि भावकीचे गडगे. वायर कोणाच्या गडग्यावरून न्यायची यावर आमच्याकडे तीन पिढ्या सहज निघतात. 2023 च्या सुधारित कार्यक्रमात, 1,39,579 कोटींच्या, पंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी आहे म्हणे. आता मागणी नोंदवायलाही सडाच चढायचा.

यासाठीचा निधी टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातल्या वाट्यातून जमतो, असं मी काकीला समजावलं. म्हणजे तिच्या रिचार्जचे चार पैसेही त्यात. "मगे गाऱ्हाणा घाल," ती म्हणाली. मी गंमत म्हणून फणसापुढे हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या वाडीक चार दांडये दी रे म्हाराजा..." मागून अख्ख्या वाडीने "व्हय म्हाराजा!" म्हटलं. गंमत फक्त मलाच वाटत होती.

पावसाच्या तोंडावर वायरमन आला, तारेला लागणाऱ्या फांद्या छाटायला. कोयता नेमका तिसऱ्या बेचक्याकडे वळला. काकी बुंध्याला पाठ लावून बसली. "आधी माका तोड."

वायरमनने वर पाहिलं, बेचक्यात तीन मोबाइल होते. त्याने खिशातून आपला काढला. "काकी, जरा ह्यो पण ठेवतंय. सायबाचो फोन येवचो हा."