काय जाणवतंय, मामा?

भाचा नाशिकला वाइनरीत लागलाय, तेव्हापासून आमच्याकडे इंदूरला आला की कोणाला सुखाने घोट घेऊ देत नाही. या मे महिन्यात बजेटवाली शिराझ घेऊन आला. बूच काढायचं म्हणून मी हौसेने अख्खं घर धुंडाळून पेचकस आणला तर झाकण फिरकीचं निघालं, हाताने उघडलं, मजाच गेली.

वर म्हणे रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, म्हणजे 16 ते 18 डिग्री. हे रूम युरोपातलं हो! सुदामा नगरच्या आमच्या रूममध्ये दुपारी वरणसुद्धा गार होत नाही, मग बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये, कढीपत्त्याशेजारी.

पहिला घोट घेतला नाही तोच, "काय जाणवतंय, मामा?"

"आंबट. आणि जीभ कोरडी पडली."

"टॅनिन!" असं ओरडून तो जो सुरू झाला... काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक फिकाच असतो, रंग सालीत, म्हणून रेडसाठी साल-बियांसकट आंबवतात, टॅनिन त्यातूनच येतं, आणि गॅसने सालं वर तरंगून थर धरतात तो रोज खाली दाबत बसायचा. युरोपात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, नाशिकला मात्र पावसाळा सरला की छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. ओकचं 225 लिटरचं पिंप महाग पडतं, त्यामुळे स्वस्त वाइन बहुतेक स्टीलच्या टाकीतच, लाकडाचा वास हवाच असेल तर ओकचे तुकडे टाकतात. (हे मला आवडलं, तेजपत्ता टाकून काम भागवण्यासारखं.) तोवर माझ्या हातातला ग्लास परत रूम टेंपरेचरला, आमच्या रूमच्या.

मग बायकोला विचारलं, तिने लेबल वाचून ठोकलं, "ब्लॅकबेरी." आमच्यात ब्लॅकबेरी कोणी खाल्लीये, फोन तेवढा वापरलाय!

आईची चतुर्थी, तिने नुसता वास घेतला. "मिरी आहे रे यात."

भाचा उडालाच. शिराझमध्ये रोटंडोन असतं म्हणे, काळ्या मिरीचा वास ज्याने येतो तेच, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली हे दाखवून दिलं, आणि आजीने न पिता ओळखलं! पायाच पडला तिच्या.

आई म्हणाली, "एवढी मिरी घातलीत तर थोडं आलं पण घालायचं, घशाला बरं असतं."