२५२० ही संख्या एकमेव नाही आणि रामानुजनांचा शोधही नाही

राष्ट्रीय गणित दिन, म्हणजे २२ डिसेंबर, जवळ आला की पुण्यातल्या पालकांच्या व शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हटकून फिरतो. १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे, ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे रहस्य आहे, असे त्यात म्हटलेले असते. २५२० ला या दहाही संख्यांनी भाग जातो आणि ७ × ३० × १२ = २५२० हेही खरे आहे; बाकीचे टिकत नाही.

‘एकमेव’ हा दावा सर्वांत आधी कोसळतो, कारण २५२० च्या प्रत्येक पटीत हाच गुण असतो आणि १ कोटीपर्यंतच अशा ३,९६८ संख्या सापडतात. २५२० त्यांतली सर्वांत लहान आहे, आणि ती काढायला शाळेतला लसावि पुरतो: ८ साठी २ चा घन, ९ साठी ३ चा वर्ग, शिवाय ५ आणि ७ घेऊन ८ × ९ × ५ × ७ हा गुणाकार केला की झाले. १० चे मूळ अवयव २ आणि ५ त्यात आधीच आलेले असल्याने १० साठी वेगळे काही करावे लागत नाही. याच रीतीने १ ते २० साठीची लहानात लहान संख्या २३,२७,९२,५६० येते. लसावि काढण्याची रीत ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मांडली होती. त्याच्याही आधी प्लेटोने आदर्श नगरासाठी ५०४० ही संख्या सुचवताना तिला १ ते १० या सर्वांनी भाग जातो हे नोंदवले होते.

कालगणनेचा संबंध निव्वळ योगायोग आहे. आपल्या पंचांगात अधिक महिना आला की वर्ष १३ महिन्यांचे होते; तेव्हा ७ × ३० × १३ = २७३०, आणि तिला ४ ने भाग जात नाही. ३१ दिवसांचा महिना धरून येणाऱ्या २६०४ ला ५ ने जात नाही.

रामानुजनांच्या नावाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या मजकुरामुळे त्यांचे खरे काम झाकले जाते. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला अधिक विभाजक असतात, अशा संख्यांवर त्यांचा दीर्घ निबंध १९१५ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. ४८ विभाजक असलेली २५२० या वर्गात बसते, पण निबंधाचे मोल तिच्यात नाही. अशा संख्यांच्या मूळ अवयवांचे घातांक कसे उतरत जातात आणि त्या किती विरळ होत जातात, हे रामानुजनांनी त्यात सिद्ध केले. त्यांची यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, जिचे अवयव २⁶ × ३⁴ × ५² × ७² × ११ × १३ × १७ × १९ × २३ असे आहेत आणि विभाजक १०,०८०. संगणक नसताना केलेल्या या यादीतून एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००.