दाढीला लागली तर्री

माझ्या स्वतःच्या केसांना शेवटचं तेल कधी लागलं ते मला आठवत नाही, पण गोट्याच्या केसांचं कालच शॅम्पू, कंडिशनर, गार हवेचा ड्रायर, मग एकेक बट कागदात गुंडाळून वर रबर असं सगळं साग्रसंगीत झालं आणि त्यात दोन तास गेले. गोट्या म्हणजे आमचा शित्झू जातीचा कुत्रा. वजन सहा किलो, त्यातले दोन तरी केसांचेच असावेत असा माझा अंदाज. बोअरचं पाणी खारट, त्याने केस राठ होतात, म्हणून गोट्याचं शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. नवरा बोअरच्याच पाण्याने आंघोळ करतो, त्याला कुठे डॉग शोला न्यायचं आहे.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत असतात. "काय वं, कुत्र्याच्या झिंज्यांले रबर न् सोताच्या डोक्याचं घरटं!"

सुरुवात शेवंतापासून झाली. शेवंता गोट्याची आई. या जातीच्या नाकावरचे केस वर वाढतात न् चेहरा शेवंतीच्या फुलासारखा दिसतो, असं जातीच्या स्टँडर्डमध्येच, म्हणजे ही जात कशी दिसावी त्या नियमावलीतच लिहिलंय, ते मी कौतुकाने घरात वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. केनेल क्लबच्या, म्हणजे कुत्र्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या पेपरवर तिचं नाव भलं लांबलचक आहे, पण ते घेऊन हाक मारली तर ती बघतही नाही. पेपरवर तीन पिढ्यांची वंशावळ असते. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वडिलांचं नाव विचारलं तर दोन काकांत भांडण लागतं.

मग मी आणखी शहाणपणा केला. आजचे सगळे शित्झू म्हणे जेमतेम चौदा कुत्र्यांपासून आलेत, हेही सांगून बसले. सासूबाईंच्या हातातली भाजी थांबली. "म्हणजे सगळे एका गोत्राचे? मंग लग्न कसं लावता तुम्ही?" खरं सांगते, ब्रीडिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. नर शोधताना तीन महिने मी दोघांच्या वंशावळी शेजारी ठेवून कोणाचा आजा कोणाचा मामा लागतो ते बघत होते, इतकं तर माझ्या लग्नातही कोणी बघितलं नव्हतं. वर नियम आहेत, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा नाही, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत द्यायचं नाही. नियम बरोबरच आहेत, फक्त त्या आठ आठवड्यांत आमच्या सोफ्याचा एक हात गेला.

आणि बाळंतपण आलं कधी, तर मे महिन्यात. नागपूरचा मे. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी त्रेसष्ट दिवस मोजून खुणा केल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात दर सहा तासांनी शेवंताचं टेम्परेचर घ्यायचे, ते सदतीसच्या खाली आलं की चोवीस तासांत पिल्लं समजायची. आलं. अर्थात रात्री. बाळंतिणीची खोली म्हणजे गेल्या वर्षीच्या कूलरचा पुठ्ठ्याचा खोका. पिल्लांना पहिला आठवडा तीसच्या आसपास ऊब लागते आणि वाऱ्याचा झोत चालत नाही, चपट्या नाकाच्या आईला गरमीत धाप लागते आणि बाहेर पंचेचाळीस, म्हणजे दोघांचं एकाच खोलीत जमवायचं कसं? शेवटी कूलर हॉलमध्ये, बेडरूमचं दार चार बोटं उघडं. ती चार बोटं नक्की कोणाची यावरून पंधरा दिवस घरात वाद होते, कारण नवऱ्याची बोटं जाड आहेत.

चौथं पिल्लू बाहेर आलं ते गपगार. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावत होते तेवढ्यात "मले कुत्र्याचं काही घेणंदेणं नाही" म्हणणाऱ्या सासूबाईंनी ते उचललं, स्वतःच्या टॉवेलमध्ये घेतलं न् अशी चोळ चोळ चोळली की ते चीं करून ओरडलं. तो गोट्या. किचनच्या काट्यावर भरला १५५ ग्रॅम, म्हणजे पाव किलो बर्फीलाही मागे. पुढे रोज सकाळी चौघांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधून वजन, वहीत नोंद. पाहुणे आले की विचारणार, मोठा होऊन करतो काय हा? काही करत नाही. किंमत ऐकली की म्हणणार एवढ्यात म्हैस आली असती. आली असती ना, पण म्हशीची वेणी कोण घालणार!

तर जानेवारीतला शो. पहाटे चारला उठून गोट्याचे सगळे कागद सोडले, इस्त्री केल्यासारखे सरळ, जमिनीला टेकणारे केस, डोक्यावर टॉपनॉट म्हणजे बांधलेला तुरा, दाढी पांढरीशुभ्र. दीर म्हणाले वहिनी मी सोडतो गाडीने. वाटेत त्यांना भूक लागली. नागपूरच्या माणसाला सकाळी सातला भूक लागली की ती पोह्यांचीच लागते आणि पोह्यांवर तर्री, म्हणजे तो झणझणीत लाल रस्सा, नसेल तर तो जेवला असं धरत नाहीत. मी मिनिटभर गाडीतून उतरले, दोरी त्यांच्या हातात दिली. परत आले तर प्लेट भाऊजींच्या मांडीवर आणि गोट्याचं तोंड प्लेटमध्ये.

"वहिनी, मी फक्त लिंबू पिळून राहिलो होतो..."

तर्रीचा रंग ज्याने पांढऱ्या शर्टवर पाडून घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. दाढी, मिशा, छातीवरचे केस, सगळं संत्र्याच्या रंगाचं. मैदानावरच्या नळाला जाऊन शॅम्पू तीनदा केला, गार पाण्याने गोट्या थरथरतोय, मी रडकुंडीला, शेजारच्या एका पग वाल्या काकूंनी बॅटरीचा ड्रायर दिला (त्यांच्या पगला केस नव्हते पण ड्रायर होता, मी कारण विचारलं नाही). लाल रंग जाऊन पिवळट उरला. वास मात्र जागचा हलला नाही.

टेबलवर जजनी दात बघितले. शित्झूचे खालचे दात थोडे पुढे चालतात, तिथे काही अडचण नव्हती. मग ते थांबले, बोटं नाकाशी नेली. मी जमिनीकडे बघतेय. "ही स्मेल्स लाइक ब्रेकफास्ट," म्हणाले. मी सॉरी सर म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

आता चालून दाखवायचं. खिशात मी उकडलेलं चिकन लिव्हर नेलं होतं, त्यासाठी तो कुठेही मान वर करून चालतो. त्या दिवशी लिव्हरकडे ढुंकूनही बघेना. आणि एकदम काय झालं कोण जाणे, मान ताठ, शेपूट पाठीवर, केस लाटांसारखे मागे उडतायत, असा चालला की मला पळावं लागलं. वळताना कळलं. दोरीपलीकडे भाऊजी उभे होते, हातात पार्सल आणलेली दुसरी प्लेट.

चॅलेंज सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे चॅम्पियनपदाकडची एक पायरी. चॅम्पियन व्हायला अजून वेगवेगळ्या जजांकडून मिळवायची आहेत, आणि भाऊजी आत्तापासून प्रत्येक शोचं पेट्रोल न् नाश्ता मागून राहिलेत.

घरी सासूबाईंनी ट्रॉफी उलटीपालटी करून बघितली. "पैसे किती भेटले?"

"पैसे नसतात आई यात."

"मंग काय मतलब? आपला चिंटू तान्ह्या पोळ्यात लाकडाचा बैल घेऊन गेला तं त्याले कंपास भेटली. न् बैलाले आंघोळ बी नव्हती घातली." मग गोट्याला मांडीवर घेऊन त्याची दाढी हुंगली. "कोण्या टपरीची होय वं तर्री? मसाला चांगला आहे."