कुंभारगावला जा, पण पक्षी उडवायला सांगू नका

गेल्या रविवारी आईला आणि लेकीला घेऊन भिगवणजवळच्या कुंभारगावला जाऊन आले. पुण्यातून सोलापूर हायवेनं साधारण १०० किलोमीटर, पहाटे साडेचारला निघालो आणि तांबडं फुटायच्या सुमाराला उजनी धरणाच्या काठावर होतो. गावात म्हणाल तर बघायला काही नाही, पॉइंट नाही, स्टॉलची रांग नाही, काठाला टेकवलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी, दोन-चार शेळ्या आणि समोर नुसतं पाणी. मला हेच हवं होतं. आई तर होडीत बसायच्या आधीच म्हणाली, इथं नुसतं बसून राहिलो तरी चालेल गं.

होडीवाले दादा मूळचे मासेमारी करणारे, थंडीत पक्षी दाखवतात, एरवी जाळं. खोल पाण्यात इंजिन चालू होतं, उथळ लागल्यावर त्यांनी ते बंद केलं आणि लांब काठी घेऊन होडी रेटायला लागले, आणि मग तो आवाज ऐकू आला. शेकडो रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, एकत्र खाताना जो हलका कलकलाट करतात ना, तो. सगळ्यांच्या माना पाण्यात. हा पक्षी चोच उलटी धरून खातो, पाणी-चिखल आत ओढतो, त्यातलं बारीकसारीक खाणं गाळून घेतो आणि पाणी परत बाहेर. दादांनी हे लेकीला इतकं छान समजावलं की ती पंधरा मिनिटं एक शब्द बोलली नाही, नुसती बघत होती. पलीकडे चित्रबलाक, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस पण होते.

आणि तेवढ्यात दुसरी होडी आली. इंजिन चालूच. त्यातले चौघं ओरडले, "ओ दादा, उडवा की जरा, फ्लाइंग शॉट पायजे!" होडी सरळ थव्यात घातली. अख्खा थवा पाण्यावरून पळत सुटला आणि उठला, पंख उघडले की आतला लालभडक रंग दिसतो, म्हणून तर अग्निपंख म्हणतात त्याला. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण मला फार वाईट वाटलं, कारण तो पक्षी इथं खायला आलाय. त्याला जागेवरून टुणकन उडता येत नाही, आधी पळावं लागतं, त्यात किती ताकद जाते, आणि ते पुन्हा टेकून खायला लागेपर्यंत पुढची होडी हजर. एका सकाळी असं किती वेळा होत असेल?

मी दादांना विचारलं, तुम्ही लोक "नाही" का म्हणत नाही? ते म्हणाले, "नाय म्हटलं की पुढच्या टायमाला दुसऱ्याची होडी घेतात, ताई." म्हणजे दोष त्यांचा नाहीच, मागणी आपली आहे.

या माणसांची जमीन या पाण्याखाली आहे हो. १९८० ला धरण पूर्ण झालं, भीमेकाठची कितीतरी गावं उठली, पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ अजून पाणी आटलं की वर येतं. दादांचे आजोबा जिथं ज्वारी पेरायचे त्याच्यावरून आमची होडी चालली होती. शेती गेली म्हणून मासेमारी आली, आता मासळीचं पण पहिल्यासारखं नाही म्हणतात, चिलापीच जास्त लागते. आणि आपल्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं, ते वेगळंच. आता थंडीतले हे तीन-चार महिने पक्ष्यांवर चार पैसे मिळतात, उद्या पक्षी कंटाळून दुसरीकडे गेले तर यांनी काय करायचं?

दुपारी दादांच्या घरी जेवलो, चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी, ठेचा. आईनं कालवण दोनदा मागून घेतलं.

जाणार असाल तर एवढं करा, होडीत पाय टाकायच्या आधीच सांगा की उडवायचे नाहीत, लांबनंच बघू. दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही परत एक फेरी मारली तेव्हा मी तसं सांगितलं, तर दादा म्हणाले, "असं कोण सांगत नाय ओ ताई." आणि ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त थांबवलं त्यांनी, इंजिन बंद करून, वरचे पैसे घेतलेच नाहीत.