खुलासा: डीपीआयचा आकडा ३०० केल्याने फोटो छपाईयोग्य होत नाही

ग्राफिक डिझाइन शिकायला लागलेल्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: फोटोचं रिझोल्यूशन ७२ वरून ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) करा, छपाई सुबक येईल. कृपया हे कुणाला शिकवू नका. तो आकडा एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक रंगीत ठिपके, बसवायचे एवढंच सांगतो. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० ला ४ इंच छापला जातो, १५० ला ८ इंच, पिक्सेल तेवढेच. फोटोशॉपमध्ये रीसॅम्पल (पिक्सेलची संख्या बदलण्याचा पर्याय) चालू ठेवलंत तर पिक्सेल वाढतात खरे, पण शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. मूळ फोटोत नसलेला तपशील त्यातून येत नाही. आधी रुंदीचे पिक्सेल बघा, ३०० ने भागा. तेवढेच इंच रेखीव छापले जातील. लांबून पाहायच्या फलकाला मात्र इंचाला १०० पिक्सेलसुद्धा पुरतात.